विहिरीवरची घागर आणि आगगाडीतील नवा करार
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी धडा)

शास्त्रपाठ : योहान 4:1–42, प्रेषितांची कृत्ये 8:26–40, 1 पेत्र 3:8–17.



साक्ष देणे म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनास धाक वाटतो. ते काम पाळकाचे, फार तर उपदेशकाचे, आपण अडाणी माणसे काय बोलणार, असे म्हणून आपण रविवारी मंदिरात येतो, गीते गातो व सोमवारी शेतावर किंवा कामावर जातो. मध्ये सहा दिवस आपला विश्वास जणू पेटीत घडी घालून ठेवलेला असतो. ख्रिस्ती मनुष्याचे जीवित कशासाठी आहे, हा प्रश्न त्या सहा दिवसांचा आहे. आजच्या धड्यात त्याचा विचार करू.

1. घागर विसरलेली स्त्री

शोमरोनातील सूखार गावची ती स्त्री भर दुपारी पाण्यास आली होती. आपल्या गावांतूनही बायका सकाळी व सायंकाळी मिळून पाणी भरतात. भर उन्हात एकटी येणारी बाई इतरांच्या नजरा चुकवीत असावी, असा तर्क पुष्कळ टीकाकारांनी केला आहे. प्रभूने तिच्याशी बोलणे कसे आरंभिले? उपदेशाने नव्हे, दोष दाखवूनही नव्हे. त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. ज्या लोकांच्या हातचे यहूदी घेत नसत, त्यांच्यापैकी एकीच्या भांड्यातील पाणी त्याने मागितले. महाराष्ट्रातील गावकऱ्यास या एका गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

पुढे ती घागर तेथेच टाकून गावात गेली. तिने कोणास सिद्धान्त शिकविला नाही. तिला शिक्षण नव्हते व गावात मानही नव्हता. आपणांस जे घडले ते तिने सांगितले आणि लोकांस स्वतः येऊन पाहण्यास बोलाविले. शेवटी गावकऱ्यांनी तिला सांगितले की, आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर टेकलेला नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. हे ऐकून तिला वाईट वाटले नसेल. साक्ष देणाऱ्याचे काम एवढेच की लोकांस विहिरीपर्यंत आणावे व आपण बाजूस सरावे.

2. रथ आणि आगगाडी

फिलिप्पाचा प्रसंग याहून निराळा दिसतो. एक परका अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता. फिलिप्प जवळ धावत गेला, त्याने प्रथम कान दिला, मग वाचलेले समजते काय असे विचारले आणि बोलाविल्यावरच रथात चढला. वाट सरली, बाप्तिस्मा झाला, आणि दोघांची पुन्हा गाठ पडल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही.

अशीच एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली. 1893 साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. ते कोकणात 1861 साली जन्मलेले ब्राह्मण, संस्कृताचे व्यासंगी व कवी होते. त्यांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्याने प्रथम धर्माचा विषय काढला नाही. संस्कृत काव्याविषयी बोलणे झाले, मने जुळली, आणि मग त्याने टिळकांस नवा करार दिला व वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो बोलला. टिळकांस ते पटले नाही; परंतु दिलेला शब्द पाळावा म्हणून ते वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते पुस्तक त्यांच्या हातून सुटेना. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या सहप्रवाशाचे नाव आज आपल्या मंडळ्यांत कोणी घेत नाही. परंतु टिळकांची गीते दर रविवारी गातो. उपासना संगीतातील त्यांची पदे आपल्या आजीबाईंस तोंडपाठ असतात. त्या गृहस्थाने किती काम केले? एक प्रवास, एक मनमोकळे संभाषण, एक पुस्तक. पेरणाऱ्याने पीक पाहिलेच पाहिजे असा नियम नाही.

3. घरातील साक्ष अधिक कठीण

येथे थांबलो तर धडा फार सोपा होईल. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचे घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर माहेरच्या माणसांत राहिल्या. त्यांतील काही काळ त्या आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात होत्या. त्यांचे दुःख त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात लिहिले. त्याचा पहिला भाग 1934 साली निघाला. विश्वासाची किंमत बहुधा एकटा विश्वासणारा देत नाही. त्याचे घरही ती देते, आणि तीही न विचारता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आई किंवा भाऊ आजही बोलत नाहीत, त्यांस हे सांगावे लागणार नाही.

पुढे दोघे अहमदनगरास एकत्र आली. तेव्हा लक्ष्मीबाईंचे सोवळे कायम होते. टिळकांनी त्यांवर जबरदस्ती केली नाही. त्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले. सभेत शेकडो लोकांस हलविणाऱ्या वक्त्याने घरात वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला की जाती देवाने केल्या की माणसांनी. आणि उत्तर सापडताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ 1919 साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. घाईने ओढून आणलेल्या मनुष्याकडून असे काम होत नाही.

4. माझी एक चूक

आता स्वतःविषयी सांगतो. सोलापुरात नवी पेठेत एक कापडदुकानदार माझ्या ओळखीचे आहेत. मंडळीतील लग्नकार्याचे कापड मी त्यांच्याकडून घेतो. एके दिवशी पैसे मोजता मोजता ते म्हणाले, “पाळकसाहेब, तुमच्यात माणूस गेल्यावर घरच्यांना काय सांगता हो?” मला एस. टी. पकडावयाची होती. मी पिशवीतून एक पत्रिका काढून त्यांच्या हाती दिली व निघालो. गाडी बाळ्याच्याही पुढे गेल्यावर शेजारी बसलेल्या आमच्या मंडळीतील वडीलबंधूंनी सांगितले की, त्या गृहस्थांची पत्नी तीन आठवड्यांपूर्वी वारली.

प्रश्न शास्त्राविषयीचा नव्हता. तो मनुष्य रडत होता, आणि मी त्याच्या हाती कागद ठेवला. मी अनेक वर्षे साक्षीवर उपदेश केला, आणि साक्षीची वेळ आली तेव्हा माझे लक्ष घड्याळाकडे होते.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो, क्षमा मागितली व गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसलो. ते पत्नीविषयी बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. उठताना त्यांनीच तो प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा आमची आशा काय आहे ते मी थोडक्यात, साध्या शब्दांत सांगितले. ते आजही संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेला जातात. पुढे काय होईल हे माझ्या हाती नाही. पण मी आता त्यांच्या दुकानात बसतो.

5. साक्ष कशी द्यावी

पेत्र आपल्या पत्रात सांगतो की, आशेविषयी विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असा, परंतु ते सौम्यतेने व आदराने द्या. म्हणजे आपले वागणे असे हवे की लोकांनी विचारावे. यावरून तीन गोष्टी घ्याव्या.

पहिली : लालूच व धाक यांस साक्षीत थारा नाही. धान्य, नोकरी, औषध वा शाळेतील जागा यांच्या बदल्यात विश्वास मागणे हे पाप आहे. भुकेल्यास अन्न अवश्य द्यावे. तो आपला होवो वा न होवो. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य व धर्म आचरण्याचा, प्रकट करण्याचा व प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. उपदेशकांनी हे नीट ध्यानात ठेवावे. मन पालटणे हे आपले काम नाही असे आपला विश्वासही सांगतो. ते पवित्र आत्म्याचे काम आहे.

दुसरी : शेजाऱ्याच्या देवाची वा संतांची निंदा करू नये. प्रभूने त्या शोमरोनी स्त्रीस तिच्या डोंगराविषयी सत्य सांगितले, पण तिची टर उडविली नाही. ज्ञानोबा-तुकोबांविषयी प्रेम असणे टिळकांस ख्रिस्ताकडे येण्यास आड आले नाही. उलट त्यांची वाणी त्या वळणावर घडली.

तिसरी : आपले घर आधी झाडावे. आपल्या मंडळ्यांत जुन्या जातीची आठवण अद्याप पुसलेली नाही. सोयरीक जमविताना ती डोके वर काढते. काही ठिकाणी पंगतीतही. ज्या सोवळ्याचा लक्ष्मीबाईंनी त्याग केला, ते आपण मागील दाराने घरात घेत असू, तर वेशीवर भजन करून काय उपयोग? गावकरी आपले गीत एक वेळ ऐकतील, पण आपली पंगत ते रोज पाहतात. तसेच उधार बुडविणारा किंवा दारू पिऊन बायकोवर हात टाकणारा ख्रिस्ती शंभर उपदेशकांचे काम बिघडवितो.

विचारासाठी प्रश्न

1. शोमरोनी स्त्रीने गावकऱ्यांस काय सांगितले? काय सांगितले नाही?
2. फिलिप्प बोलण्यापूर्वी काय करतो?
3. मदत आणि लालूच यांतील भेद आपल्या गावातील एक उदाहरण घेऊन सांगा.
4. घरातील ज्या माणसास आपला विश्वास मान्य नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो?
5. आपल्या मंडळीत जातीचा भेद कोठे उरला आहे? तो काढण्यासाठी कोणी आरंभ करावा?

या आठवड्याचे काम : प्रत्येकाने एका शेजाऱ्याकडे जावे. पत्रिका नेऊ नये. अर्धा तास बसावे, त्याचे ऐकावे, आणि घरी येऊन नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी. त्याने काही विचारले तर खरे उत्तर द्यावे. पुढील रविवारी कोणी किती बोलले हे वर्गात विचारू नये. शेजाऱ्याविषयी काय कळले, एवढेच विचारावे.