किती पाणी प्यायचं, ताई?

माझी सगळी नोकरी डायलिसिसच्या मशीनशेजारी गेली. परळ-लालबाग हा आमचा टापू. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा यायचे, दादरच्या बाजारात बसणाऱ्या मावश्या यायच्या, गिरगावातल्या चाळीतून सुनेचा हात धरून आजी यायच्या. नव्या पेशंटचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असायचा: किती पाणी प्यायचं, ताई? सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर या प्रश्नाला नाही. धडधाकट किडनी ते उत्तर दर मिनिटाला नव्याने काढत असते. ती थकली की हेच काम माणसाला वही आणि वजनकाटा घेऊन करावं लागतं. ते करणारी माणसं मी जवळून पाहिली. त्यांच्याकडून जे शिकले, ते लिहिते आहे.

१. किडनी टाकते थोडं, परत घेते फार

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं वाटेतच परत रक्तात घेतलं जातं. एका किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या. प्रत्येक गाळणीला जोडलेली बारीक नळी पाणी, मीठ, साखर, पोटॅशियम यांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवते. विभागात नव्याने कामाला आलेल्या मुलींना शिकवताना मी हा १८० लिटरचा आकडा आधी सांगायचे. किडनीला नुसती गाळणी समजलं की तिचं निम्मं काम नजरेतून सुटतं.

आमचं मशीनही गाळतं, पण कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. किती पाणी काढायचं तो आकडा आम्ही घालतो. तो चुकू नये म्हणून पेशंटला आधी काट्यावर उभं करायचं, पाय दाबून पाहायचे, रात्री सपाट झोपता आलं का ते विचारायचं.

२. तहान पाण्याआधी मिठाची खबर देते

मला वाटतं, किडनीच्या आजारात सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्ट हीच आहे. रक्तातलं क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढलं तरी मेंदूला कळतं. तहान लागते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे हॉर्मोन सुटतं. ते किडनीला पाणी राखायला सांगतं. लघवी कमी आणि गडद होते. पोटभर पाणी प्यायलं की एडीएच उतरतं आणि लघवी पातळ, भरपूर होते. दुसऱ्या बाजूने रक्तदाब सांभाळायचा असतो. तो उतरला की किडनी रेनिन हे एन्झाइम सोडते, आणि तिथून सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटी अल्डोस्टेरॉन हे हॉर्मोन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. मीठ थांबलं की त्यामागून पाणीही थांबतं.

आता डायलिसिसवरच्या माणसाकडे पाहा. तहान शाबूत आहे, मेंदूचा हुकूमही सुटतो आहे, पण तो पाळणारी किडनी उरलेली नाही. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, आणि शरीरातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच. म्हणजे ९ ग्रॅम जादा मीठ पोटात गेलं, तर शरीर जवळजवळ लिटरभर पाणी मागणार आणि ते धरून बसणार. समोर तांब्या ठेवून ‘पिऊ नकोस’ म्हणणं अशा माणसाला छळण्यासारखं आहे. त्याच्या ताटातलं मीठ कमी करा, तहान आपसूक उतरते.

दादरला मासळी विकणाऱ्या एका मावशी दोन डायलिसिसच्या मधे चार-चार किलो वाढून यायच्या. पाणी मोजून पितात असं मुलगी शपथेवर सांगायची. जेवणाची चौकशी केल्यावर सुके बोंबील, सुकट, वर पापड निघाला. खारवलेली मासळी बंद झाली, ताजी थोडी मिळू लागली. मग वाढ अडीच किलोवर आली. तहानेवर ताबा ठेवण्याचा उपदेश त्यांना कोणालाच करावा लागला नाही. मुंबईच्या जेवणात मीठ कुठे कुठे लपतं त्याची यादी मी तोंडपाठ केली होती: फरसाण, लोणचं, वडापावबरोबरची तळलेली मिरची, पाव, बिस्किटं, सॉस. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एक सपाट चहाचा चमचा भरला की ५ ग्रॅम झालेच.

३. वजनकाट्यावर विश्वास ठेवा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रात्रीत एक किलो चरबी चढत नाही. काटा झपाट्याने वर गेला तर ते पाणीच असतं. पायावर बोट दाबून खळगा पडेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर साठून गेलेले असतात, म्हणून सुजेची वाट पाहू नये. घरातल्या साध्या काट्यावर रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत वजन करावं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहावं.

आमच्याकडे ‘ड्राय वेट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. मशीनने किती खेचायचं ते त्यावरून ठरतं. ६० किलोच्या माणसाचं चार तासांत फार तर तीन लिटर काढावं. त्याहून जास्त ओढलं तर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मशीन पाणी रक्तातून काढतं, पण साठलेलं पाणी असतं पेशींच्या आजूबाजूला. ते रक्तवाहिनीत परत यायला वेळ लागतो. त्या वेळेची घाई करता येत नाही.

गणपतीत आमच्या वॉर्डाचं वजन वाढायचं. घरोघरी आरतीला जाणं, प्रत्येक घरी चहा, आमटीची वाटी, ताक. यातलं काहीच पेशंटच्या लेखी ‘पाणी’ नसतं. चहा, आमटी, ताक, कलिंगड, बर्फाचा खडा हे सगळं मोजायचं.

४. शहाळं प्रत्येकाला चालत नाही

रुग्णालयाच्या दाराबाहेर शहाळंवाला असतोच, आणि भेटायला येणारं माणूस प्रेमाने तेच घेऊन येतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. खाण्यातून येणाऱ्या पोटॅशियमपैकी बहुतेक किडनीच बाहेर टाकते. ती बंद पडल्यावर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. त्याआधी दुखत नाही, खुपत नाही. केळं, फळांचे रस, सुकामेवा यांचंही तसंच. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की बरंच पोटॅशियम निघून जातं.

आणखी एक धोका पाकिटावर ‘आरोग्यदायी’ म्हणून येतो. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराईडच्या काही भागाच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. रक्तदाबासाठी म्हणून मुलं ते आईला आणून देतात. आईची किडनी आधीच अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते तिच्या ताटात जाऊ नये.

५. बायका पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही

दादरच्या फूलबाजारात पहाटे बसणाऱ्या बायकांना मी विचारत असे, सकाळपासून किती पाणी प्यायलात? उत्तर कपभर चहा. लोकलने येणाऱ्या मुली, भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस, गणपतीच्या रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या गृहिणी, सगळ्यांचं हेच. किडनी यालाही तोंड देते. ती पाणी आवळते, दिवसाची घाण अर्ध्या लिटर गडद लघवीत बसवते. त्याखाली मात्र ती जाऊ शकत नाही. अशा दाट लघवीत खडे धरायला सोपं जातं, आणि ती तासन् तास अडवून धरली की जंतूंना मूत्राशयात वाढायला फुरसत मिळते. चारशे-पाचशे मिलिलिटरला मूत्राशय भरतं. जळजळ, थंडी-ताप, कमरेत कळ, इथवर दुखणं आलं तर ते किडनीपर्यंत चढलेलं असू शकतं.

मुंबईत २०११ पासून स्त्री-संघटनांनी ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, ही मोहीम चालवली. बायकांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या मागितल्या. नाव ऐकून काही लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. किडनीच्या आजाराबद्दल या शहरात झालेलं ते फार महत्त्वाचं काम होतं असं माझं मत आहे.

६. पावसाळ्यात लघवीकडे पाहा, पण तेवढ्यावर राहू नका

हिंदमाता, परळ, लालबाग इथे पाणी तुंबलं की ज्याला कामावर जायचं त्याला त्यातून चालावंच लागतं. उंदरांच्या लघवीतले लेप्टोस्पायराचे जंतू पायाच्या खरचटलेल्या जागेतून शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, मग कावीळ आणि किडनी बंद. या आजारात कधी लघवी थांबते, कधी ती भरपूर होत असूनही किडनी घाण बाहेर टाकत नसते. नुसती लघवी होते आहे म्हणून निश्चिंत राहू नये, रक्ततपासणी लागतेच. तुंबलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. वेळेवर आलेल्यांपैकी पुष्कळांची किडनी काही आठवड्यांत पुन्हा चालू होते, मशीन सुटतं.

पावसाळ्यातल्या जुलाब-उलट्यांत ओआरएस द्यावं, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या वेळी किडनी स्वतःकडचा रक्तपुरवठा मोठ्या मुश्किलीने टिकवून असते, आणि नेमका तोच या गोळ्या कमी करतात.

७. क्रिएटिनिन उशिरा बोलतं

किडनी थकली की क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ रक्तात साठतो, पण अर्धी किडनी निकामी होईपर्यंत त्याचा आकडा पुष्कळदा ‘नॉर्मल’ दिसतो. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासावं.

८. तेच माणूस, उलटा सल्ला

भारतातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण मे १९६५मध्ये आमच्या परळमध्येच, केईएममध्ये झालं. मृत दात्याची किडनी होती. यश मिळालेलं पहिलं प्रत्यारोपण पुढे १९७१मध्ये वेल्लोरला झालं. आज लालबागच्या गल्लीत लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं, तिथे बसून प्रत्यारोपणाच्या यादीवर नाव लावलेली माणसं आहेत.

किडनी मिळाली की पहिले काही दिवस लघवीचा पूर येऊ शकतो, चोवीस तासांत कित्येक लिटर. नवी किडनी पाणी सोडते, पण किती राखायचं ते तिला अजून जमलेलं नसतं. तेव्हा दर तासाला लघवी मोजायची आणि त्या हिशेबाने सलाईन द्यायचं, असं काम चालतं. मग ती स्थिरावते. डॉक्टर लिहून देतात: रोज अडीच-तीन लिटर पाणी. आणि घरची मंडळी गोंधळतात. कित्येक वर्षं ज्याच्या हातातला पेला काढून घेतला, त्याला आता बाटली संपवली नाही म्हणून रागवायचं. एका तरुणाच्या बायकोने मला फोन करून विचारलं होतं, ताई, हे खरंच एवढं प्यायचं ना, कागदावर चुकून तर नाही ना लिहिलं? मी तिला तो आकडा दोनदा वाचायला लावला, आणि म्हटलं, बरोबर आहे, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून आणखी वाढव.