ओळखीचा पहिला धागा

नागपूरचा एखादा विणकर हातमागाच्या मेळाव्यासाठी वाराणसीस जातो. आपले शिक्षण कमी, अनोळखी लोकांशी काय बोलावे, या विचाराने तो संकोचतो. वास्तविक विषय जवळच असतो. गंगेकाठचा भोसले घाट नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधला. "आपल्या शहरात आमच्या भोसल्यांचा घाट आहे. आपण कोणते वस्त्र विणता?" मोडक्यातोडक्या हिंदीत एवढे विचारले, तरी बनारसी विणकर जरीकामाविषयी आपुलकीने सांगू लागतो.

पहिल्या भेटीत जात, शिक्षण वा मिळकत विचारू नये. समोरच्याचे काम विचारावे आणि उत्तर मन लावून ऐकावे. ज्याला आपले काम येते, त्याला बोलण्यास विषय कमी पडत नाही.