तसबीर कशी पाहावी? नाशिकच्या नाण्यांवरून एक पाठ



तसबिरी पाहण्याची संवय आपणां सर्वांस आहे. घरीं ओसरीवर आजोबांची तसबीर असते, शाळेच्या सभागृहांत माजी मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीनें लावलेल्या असतात, आणि खिशांतील नोटेवरहि एक चेहरा असतो. परंतु जें रोज दिसतें तें आपण पाहतोंच असें नाहीं. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं माजघरांत एका वृद्ध बाईंची जुनी तसबीर आहे. अंगावर नऊवारी लुगडें, हातांत पोथी, आणि कपाळावर एक लहानसा व्रण. त्या बाई कोण, हें त्या घरांतील एकहि मनुष्य आज सांगूं शकत नाहीं. ज्या आजीबाईंना तें ठाऊक होतें त्या वारल्या, आणि त्यांच्याबरोबर नांवहि गेलें. दर दसऱ्यास त्या तसबिरीला झेंडूची माळ मात्र नेमानें घातली जाते. ती माळ पाहून आमच्या मनांत असा प्रश्न उभा राहिला कीं, चेहरा राहिला आणि नांव गेलें, तर माणूस राहिला म्हणावा कीं गेला? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. आणि त्यासाठीं लागणारें साहित्य आम्हांस दूर शोधावें लागलें नाहीं. तें आपल्या नाशिकच्या परिसरांतच मिळालें.

प्रथम तसबीर म्हणजे काय तें ठरवूं. केवळ माणसाचें चित्र म्हणजे तसबीर नव्हे. देवळाच्या भिंतीवर कोरलेला द्वारपाल हा माणसासारखा दिसतो, पण तो कोणी एक विशिष्ट माणूस नसतो. तसबिरींत तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक चेहरा, दुसरें नांव, आणि तिसरा हेतु; म्हणजे ती कोणीं, कोणासाठीं व कां करविली. ह्या तिहींपैकीं एक जरी निसटली तरी तसबीर पांगळी होते. पाहणाऱ्याचें काम हें कीं, तिन्ही गोष्टी एकमेकींशीं ताडून पाहाव्या.

तसबिरींचीं मोठीं दालनें हेंच काम करीत असतात. लंडन शहरांत १८५६ सालीं राष्ट्रीय तसबिरींचें दालन स्थापन झालें. त्याच्या चालकांनीं आरंभींच असा नियम केला कीं, तसबीर निवडतांना चित्रकाराच्या कौशल्यापेक्षां चित्रांतील व्यक्तीची योग्यता पाहावी. आणि त्या व्यक्तीच्या हातून मोठे दोष घडले असले तरी तेवढ्यामुळें तिला वगळूं नये. हा दुसरा भाग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. कारण जें आवडत नाहीं तें भिंतीवरून उतरविण्याची इच्छा मनुष्यमात्रास होते, आणि ती इच्छा किती जुनी आहे हें आपल्या जिल्ह्यांतील एका गुप्तधनानें दाखविलें आहे.

नाशिक जिल्ह्यांत सिन्नर तालुक्यांत जोगलटेंभी नांवाचें गांव आहे. तेथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक होतीं. तीं सर्व क्षहरात घराण्यांतील नहपान ह्या राजाचीं होतीं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास गुजराथपासून ह्या प्रांतापर्यंत ह्या परकीय क्षत्रपाची सत्ता पसरली होती. त्याचें नाणें बोटाच्या पेरावर मावेल इतकें लहान असतें. एका बाजूस उजवीकडे तोंड केलेलें राजाचें मस्तक आणि भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींत राजाचें नांव. एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर तीन लिपी आणि एक चेहरा! ज्या व्यापाऱ्यास एक लिपी येत नसेल त्यास दुसरी यावी, आणि ज्यास एकहि येत नसेल त्यानें निदान चेहरा ओळखावा, अशीच जणूं ही योजना दिसते.

हीं नाणीं तपासण्याचें काम रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्या मिशनरी गृहस्थांनीं केलें आणि आपला अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांनीं नाण्यांवरचें नांव वाचून समाधान मानलें नाहीं. त्यांनीं चेहरे पाहिले. तेव्हां त्यांस आढळलें कीं, नांव सर्वत्र एकच असलें तरी चेहरे एक नाहींत. कोठें तरुण, कोठें वृद्ध. कोठें नाक सरळ, तर कोठें पोपटाच्या चोंचीसारखें. एवढे निरनिराळे चेहरे एकाच माणसाचे असणें शक्य नाहीं. ते त्या घराण्यांतील अनेक पुरुषांचे असावेत व नांव तेवढें नहपानाचें चालत राहिलें असावें, असा तर्क त्यांनीं केला. ह्या फरकाचीं दुसरींहि कारणें संभवतात. राज्य पुष्कळ वर्षें चाललें असेल, तर तोच राजा तरुणाचा म्हातारा झाला असेल. ठसे कोरणारे कारागीर अनेक असतील आणि त्यांतील कित्येकांनीं राजास कधीं डोळ्यांनीं पाहिलें नसेल. व्यापारामुळें इकडे येणाऱ्या रोमन नाण्यांवरील मस्तकें समोर ठेवून त्यांनीं राजाचें मस्तक कोरलें असेल. कोणतेंहि कारण खरें असो, आपणांस मिळणारा धडा एकच आहे. खालीं नांव लिहिलें आहे एवढ्यावरून वरचा चेहरा त्याच माणसाचा ठरत नाहीं.

ह्या सांठ्याची खरी गोष्ट मात्र ह्याच्याहि पुढची आहे. ह्या १३,००० नाण्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसरा शिक्का मारलेला आढळला. तो शिक्का गौतमीपुत्र सातकर्णि ह्या सातवाहन राजाचा. त्यानें क्षहरातांचा पराभव केला, आणि शत्रूचीं नाणीं न वितळवितां तशींच घेऊन त्यांवर आपला ठसा उमटविला. एका बाजूस तीन कमानींचें चैत्यचिन्ह व भोंवतीं स्वतःचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह. ह्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्या शिक्क्यांत त्यानें स्वतःचा चेहरा घातला नाहीं. शत्रूच्या चेहऱ्यावर त्यानें चिन्हें आणि नांव मारलें. तथापि हातोड्याच्या एका घावानें जुना चेहरा सगळाच जात नाहीं. अनेक नाण्यांवर चैत्याच्या कमानींच्या आडून नहपानाचें नाक, हनुवटी किंवा केसांची एखादी बट आजहि डोकावते. जिंकणारा आणि हरलेला दोघेहि एकाच चांदींत अडकून पडले आहेत. नाणें जर वितळविलें असतें तर दोघांचीहि ही साक्ष नाहींशी झाली असती.

आतां नाशिक शहराच्या दक्षिणेस पांडवलेण्यांच्या डोंगरावर चला. शिलालेखांत ह्याच डोंगरास त्रिरश्मि म्हटलें आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात ह्याचे दानलेख आहेत. त्यांतील एकांत त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचें सांगितलें आहे. त्यांतील २,००० दरमहा शेंकडा एक ह्या व्याजानें; म्हणजे वर्षास २४० झाले, आणि त्यांतून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं मिळावयाचे. गणितांत मन रमणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा; तो बिनचूक जुळतो. शत्रु म्हणून ज्यांची नाणीं ठोकलीं गेलीं त्यांच्याच घरचा हा दानधर्म. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा लेख आहे. त्यांत जें शेत पूर्वीं उषवदाताकडे होतें तें भिक्षूंस दिल्याचा उल्लेख आहे. जें नाण्यावर झालें तेंच जमिनीवरहि झालें. जुन्या नांवावर नवें नांव आलें. पण नव्या लेखांत जुनें नांव घेतल्याशिवाय शेत ओळखतांच येईना!

ह्याच तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो तिचा नातू पुळुमावि ह्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. त्यांत तिनें आपल्या पुत्राचें वर्णन केलें आहे. त्याच्या मुखास सूर्यकिरणांनीं उमललेल्या कमळाची आणि पूर्णचंद्राची, बाहूंस नागराजाच्या देहाची, चालीस उत्तम हत्तीच्या चालीची उपमा दिली आहे. आणि क्षहरातांचा वंश त्यानें उखडून टाकला हेंहि अभिमानानें नमूद केलें आहे. ही शब्दांची तसबीर होय. पण ही तसबीर हातांत घेऊन आपण गोवर्धनाच्या बाजारांत उभे राहिलों असतों, तर समोरून जाणारा राजा आपणांस ओळखूं आला असता काय? मुळींच नाहीं. कमळ आणि चंद्र सर्वच राजांच्या वांट्यास येतात. नाकाचा बांक मात्र ज्याचा त्याचा असतो. तरीहि ही तसबीर खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. राजाचें नाक कसें होतें तें तींतून कळत नसेल, पण पुत्र गेल्यावर आईच्या डोळ्यांपुढें तो कसा उभा होता तें कळतें. तसबीर काढविणाऱ्याचा हेतु पाहावा असें वर म्हटलें तें ह्याचसाठीं. पुढें पुळुमावीच्या चांदीच्या नाण्यांवर सातवाहन राजाचा चेहराहि उमटूं लागला. ज्यांचे चेहरे ठोकून काढले त्यांचीच रीत जिंकणाऱ्यांनीं उचलली.

सातवाहनांनीं तसबिरींचें दालनच उभारल्याचा एक दाखला जुन्नरजवळील नाणेघाटांत आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यांत भिंतीवर राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति एका ओळींत कोरल्या होत्या आणि प्रत्येकीवर नांव घातलें होतें. राजा सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णि, राजकुमार आणि एक महारठी. आज तेथें गेल्यास वरचीं नांवें वाचतां येतात. मूर्ति मात्र नष्ट झाल्या असून पायांच्या खुणा कायत्या राहिल्या आहेत. जोगलटेंभीच्या नाण्यांवर एका नांवाखालीं अनेक चेहरे. नाणेघाटांत नांवें आहेत आणि चेहरा एकहि नाहीं. आणि आमच्या स्नेह्यांच्या माजघरांत चेहरा आहे पण नांव नाहीं. काळ हा कधीं एक नेतो, कधीं दुसरें नेतो.

चेहरा आणि नांव ह्यांची चुकीची जोडी जमली तर काय होतें, ह्याचें उदाहरण ह्याहून अलीकडचें आहे. शिवाजीमहाराजांचें म्हणून एक चित्र पुष्कळ वर्षें छापलें जात होतें आणि लोक तें भक्तीनें घरांत लावीत. तें चित्र दुसऱ्याच इसमाचें आहे हें इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे ह्यांनीं दाखविलें आणि १९३३ सालीं महाराजांचें अस्सल चित्र लोकांपुढें ठेवलें. लोकांची भक्ति खरी होती, पण चित्र खरें नव्हतें. खऱ्या भक्तीनें खऱ्या चित्राचा शोध घ्यावा, हेंच योग्य.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीजवळ नाणकशास्त्राच्या संशोधनासाठीं १९८० सालीं स्थापन झालेली संस्था आहे व तिनें नाण्यांचें संग्रहालय उभारलें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतहि नाण्यांचें दालन आहे. कोठेंहि जाण्यापूर्वीं वेळ व परवानगी विचारून घ्यावी. दालनांत शिरल्यावर सगळें पाहण्याचा हव्यास धरूं नये. तीनच तसबिरी निवडाव्या आणि प्रत्येकीपुढें पांच मिनिटें स्वस्थ उभें राहावें. खालची चिठ्ठी आधीं वाचूं नये. आधीं चेहरा पाहावा, मग पोशाख, मग हात व हातांतील वस्तु. ह्या माणसास स्वतःचें कोणतें रूप लोकांस दाखवावयाचें होतें तें मनाशीं ठरवावें. आणि मगच चिठ्ठी वाचून आपला तर्क तपासावा. वहींत पेन्सिलीनें एक रेखाकृति काढावी. ती बिघडली तरी चालेल. काढतांना जें दिसतें तें नुसतें पाहून दिसत नाहीं. शेवटीं एक प्रश्न अवश्य विचारावा: ह्या दालनांत कोणाची तसबीर नाहीं? उषवदाताची ठेव ज्या विणकरांनीं सांभाळली, ज्यांच्या मागावर तीं वस्त्रें विणलीं गेलीं, त्यांपैकीं एकाचाहि चेहरा आपणांजवळ नाहीं.

राजांची काळजी नाणीं आणि शिलालेख घेतील. विणकरांची, शेतकऱ्यांची, आपल्या आज्यांची काळजी आपणच घेतली पाहिजे. म्हणून ह्या सुट्टींत प्रत्येकानें एक काम करावें. घरांतील जुन्या तसबिरी वडील मंडळींच्या परवानगीनें खालीं काढाव्या, धूळ पुसावी, आणि घरांत जें कोणी सर्वांत वृद्ध असेल त्याच्यापाशीं बसून प्रत्येक तसबिरीची माहिती विचारावी. नांव, गांव, नातें, सुमारें कोणतें साल, आणि ही माहिती कोणीं सांगितली, एवढें एका कागदावर लिहून तो कागद चौकटीच्या पाठीस चिकटवावा. हें काम पुढल्या वर्षावर टाकूं नये. सांगणारें माणूस पुढल्या वर्षीं असेलच असें नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं हा विचार ऐकला आणि ती माजघरांतील तसबीर उतरविली. मागें लिहावयास नांव तर नव्हतें. तेव्हां त्यांनीं कागदावर एवढेंच लिहिलें: "आमच्या घरांतील एक बाई. कपाळावर व्रण. पोथी वाचीत असत असें दिसतें. नांव आम्हांस ठाऊक नाहीं. आम्हीं वेळेवर विचारलें नाहीं." मग तसबीर पुन्हां जागेवर टांगली. त्या घरांतील मुलें आतां तिच्याकडे पाहून मगच पुढें जातात.