हॅलो किटीला तोंड का नाही?



मुलांच्या दप्तरावर, कंपासपेटीवर एक पांढरं मांजर तुम्ही पाहिलंच असेल. डाव्या कानाजवळ लाल बो, काळे डोळे, पिवळं नाक. आणि तोंड? तोंडच नाही! वर्गात विचारून बघा, रोज बघणाऱ्या मुलांच्याही हे लक्षात आलेलं नसतं.

ही जपानची हॅलो किटी. सान्रिओ कंपनीसाठी युको शिमिझू यांनी १९७४ मध्ये हे चित्र काढलं. १९७५ मध्ये ते चिल्लर ठेवायच्या छोट्या पाकिटावर छापून बाजारात आलं. म्हणजे आधी गोष्ट किंवा सिनेमा नाही, थेट वस्तूच! तिची माहितीही गमतीची: राहते लंडनच्या उपनगरात, मिमी नावाची जुळी बहीण, उंची पाच सफरचंदांएवढी. कंपनी तर म्हणते, ती मांजर नाहीच, मुलगी आहे.

मग ती पन्नास वर्षं कशी टिकली? एक कारण तिचा चेहरा. तोंड नसल्यामुळे आपण आनंदात असलो की ती हसरी वाटते, उदास असलो की उदास. दुसरं कारण व्यापाराचं. कंपनी हे चित्र वापरायचा परवाना इतर उत्पादकांना पैसे घेऊन देते. त्यामुळे खोडरबरापासून विमानापर्यंत किटी पोचली. लहानपणीच्या चाहत्या मोठ्या झाल्या, तशा त्यांच्यासाठीही वस्तू निघाल्या.

या दोन कारणांवरून दोन उपक्रम करता येतात.

१) फळ्यावर तोंड नसलेला चेहरा काढा आणि विचारा, "हिला आज कसं वाटतंय? का?" माझ्या वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "तिला रडू येतंय. तिची आई ऊसतोडीला गेलीय." "तुला कसं वाटतं?" असं मी तिला कितीदा तरी विचारलं होतं. उत्तर त्या दिवशी मिळालं.

२) एक साधं आणि एक चित्राचं खोडरबर आणा. मुलांनाच खोडून बघू द्या, किमती लिहू द्या. खोडण्यात फरक नसेल, तर जास्तीचे पैसे कशाचे? उत्तर मुलंच देतात: "चित्राचे!"

पालकांनो, मूल दुकानात हट्ट करेल तेव्हा नुसतं "नको" म्हणू नका. हाच प्रश्न विचारा. चित्र आवडणं चूक नाही. पण आपण कशाचे पैसे देतोय, हे मुलाला कळायला हवं.

तुमच्या वर्गात करून बघा. आणि गप्प बसणाऱ्या मुलाचं उत्तर आधी ऐका.