अरेका पामची टोकं का करपतात?

प्रश्न : दिवाणखान्यात अरेका पामची कुंडी आहे. रोज न चुकता पाणी घालते, तरी पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. झाड उंचही फार झालंय. शेंडा छाटला तर खालून नवे फुटवे येतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी कात्री खाली ठेवा, मग बाकीचं बोलू. जास्वंद छाटली की फांदीवरचे डोळे फुटतात. पामच्या खोडावर असे डोळे नसतात. वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. सोंड्या भुंगा पोखरत कोंबापर्यंत पोहोचला की कोकणात माड हातचा गेला म्हणतात, ते याचमुळे. अरेका झुपक्याने वाढतो, म्हणून एक खोड गेल्याने सगळी कुंडी मरणार नाही. पण छाटलेलं खोड पुन्हा वाढणारही नाही. उंची खुपतच असेल, तर उंच झालेलं खोड मातीलगत कापा.

आता टोकं. रोज पाणी घालूनही ती वाळतात, असं आपण लिहिता. बहुधा रोज घातल्यानेच वाळत असावीत! माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाणी वर चढवणं थांबतं. टोक मुळांपासून सर्वांत लांब, म्हणून तहान तिथे आधी दिसते. ती पाहून माणूस आणखी एक तांब्या ओततो. त्यापेक्षा मातीत बोट खुपसा. वरचं पेरभर कोरडं लागलं तरच पाणी घाला. कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नका.

दुसरा संशयित म्हणजे क्षार. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बरेच जण झाडांना घालतात. काटकसर चांगली, पण त्या पाण्यात क्षार नळाच्या पाण्याहून जास्त असतात. पाणी पानांतून उडून जातं, क्षार टोकांशी साठतात आणि तिथल्या पेशी मरतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसली, तर हेच कारण समजा. महिन्यातून एकदा साधं पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्या. पावसाळ्यात कुंडी दोन दिवस बाहेर ठेवलीत, तर हे काम फुकटात होतं. खतही क्षारच असतं, तेव्हा तेही बेताने.

'हवा शुद्ध करतो' म्हणून अरेका बंद खोलीत, एसीच्या झोतासमोर ठेवण्याची पद्धत आहे. झाडं हवा शुद्ध करतात ही समजूत रुजवणारे नासाचे 1989चे गाजलेले प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या घरात उघडी खिडकी त्याहून कितीतरी जास्त काम करते. हा पाम मूळचा मादागास्करच्या दमट पूर्व किनाऱ्याकडचा. एसीची कोरडी हवा त्याला सोसत नाही, आणि मे महिन्यातलं दुपारचं ऊनही नाही. सकाळचं कोवळं ऊन मात्र चालतं.

सर्वांत खालचं पान पिवळं पडलं, तर ते पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. त्यातलं पोटॅश झाड वरच्या पानांसाठी ओढून घेत असतं. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. खुपत असेल तर तेवढंच कापा. उपाय लागू पडला की नाही, ते नव्या पानावरून कळेल.