मला मोठं व्हायचंच नाही!

या वेळी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून आलेल्या चार पत्रांचा विषय एकच आहे. मुलं मोठं व्हायला घाबरतात, आणि ही भीती बोलून दाखवताना कुठल्या ना कुठल्या कार्टूनचं नाव घेतात. म्हणून चौघांना एकत्रच उत्तर देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ ही कार्टून मालिका शेवटपर्यंत पाहिली आणि त्या रात्री खूप रडली. ‘मला तेरा वर्षांची व्हायचंच नाही’ असं सारखं म्हणते. जूनमध्ये तिचा मोठा भाऊ अकरावीसाठी पुण्याला जाणार आहे, घरात त्याची धावपळ, त्यात हे नवीन. मी मालिका बंद केली. बरोबर केलं ना?
— एक आई, जळगाव

उत्तर : ताई, मालिका बंद करण्याची गरज नव्हती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. भाऊ पुण्याला जाणार, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मूळ तिथेच आहे.

ही मालिका २०१२ ते २०१६ या काळात आली. डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांच्या भावाकडे राहायला जातात. भुतंखेतं, जादू, रहस्यं सगळं त्यात आहे. पण सुट्टी संपता संपता त्यांचा तेरावा वाढदिवस येणार असतो. त्याच सुमारास मेबलच्या कानावर येतं की, सुट्टी संपली तरी भाऊ शिकण्यासाठी तिथेच राहणार आहे. ती कोसळते. ‘सुट्टी आणखी थोडी लांबवून देतो’ या आमिषाला भुलून ती खलनायकाच्या हाती नको ती वस्तू देते आणि जगावर संकट येतं. ती स्वतः अशा एका रंगीबेरंगी जगात अडकते, जिथे उन्हाळा कधी संपतच नाही. तिला तिथून बाहेर काढताना डिपर ‘घाबरू नकोस’ म्हणत नाही. मोठं होणं अवघड आहे हे तो मान्य करतो, आणि आपण ते सोबतीने पार करू, एवढंच सांगतो.

तुमची मुलगी तेराव्या वर्षासाठी रडलेली नाही. भाऊ घर सोडून चालला म्हणून ती रडली. मालिकेमुळे तिला ते बोलता आलं. आता भावालाच तिच्याशी बोलू द्या. फोन कोणत्या वेळी करायचा, दिवाळीला तो किती दिवस येणार, त्याचं टेबल कोण वापरणार, हे दोघांनी मिळून ठरवावं. त्याला सोडायला जाल तेव्हा तिलाही न्या. तो कुठे झोपतो, कुठे जेवतो हे तिने डोळ्यांनी पाहिलं की तिची निम्मी भीती जाईल.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा. दिवसभर ‘डोरेमॉन’ पाहतो. परवा विचारतो, ‘आजोबा, मोठं झालं की कर्ज काढावंच लागतं का?’ हे त्या कार्टूनचेच परिणाम असावेत. आम्ही या वयात साने गुरुजी वाचत होतो.
— एक आजोबा, शिरपूर

उत्तर : आजोबा, नातवाचा प्रश्न कार्टूनशी जुळतो खरा. ‘डोरेमॉन’ची मूळ चित्रकथा जपानमध्ये १९६९च्या अखेरीस सुरू झाली. तिची सुरुवातच अशी आहे की, नोबिता या मुलाचा खापरपणतू भविष्यातून येतो आणि त्याला सांगतो, तू मोठेपणी कर्जात बुडणार आहेस आणि ते आम्हाला फेडावं लागतंय. नोबिताला सुधारण्यासाठी डोरेमॉन हा रोबो-बोका त्याच्याकडे ठेवला जातो. म्हणजे विनोदी दिसणाऱ्या या मालिकेच्या तळाशी मोठेपणाची भीतीच आहे.

तरीही मला विचारावंसं वाटतं, नातवाने ‘कर्ज’ हा शब्द नुसता टीव्हीवरच ऐकला का? कापसाला भाव नाही, सोसायटीचे हप्ते थकले, हे बोलणं ओट्यावर रोज होत असेल आणि नातू शेजारीच खेळत असेल, तर मोठेपण म्हणजे काय याचं चित्र त्याने तुमच्या बोलण्यातूनच घेतलं असणार. अडचणी मुलांपासून लपवू नका. पण अडचणीसोबत ती निभावल्याची गोष्टही सांगा. दुष्काळी वर्ष कसं काढलं, विहिरीला पाणी लागलं तेव्हा घरात काय झालं, हे त्याला कुणी सांगितलंय का?

साने गुरुजींचं नाव तुम्ही काढलंत, ते योग्यच. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथलं छात्रालय त्यांनी सांभाळलं, घर सोडून आलेल्या पोरांना माया लावली. पुढे १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आपलं लहानपण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. त्यात त्याच्या चुका आहेत, भित्रेपण आहे, रडणंही आहे. तुम्हीही तेच करा. आठ वर्षांचे असताना तुम्ही कशाला घाबरत होता, हे रोज झोपताना थोडं थोडं सांगा. डोरेमॉनचा एखादा भागही त्याच्याशेजारी बसून बघा. जादूचं यंत्र मिळूनही नोबिताची फजिती का होते, हे त्यालाच विचारा. तो बरोबर सांगेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवी-आठवीच्या मुलींना ‘पीटर पॅन’ दाखवला. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, त्या बेटावर लगीन लावून देत नसतील ना?’ मला उत्तर देता आलं नाही.
— एक शिक्षिका, साक्री तालुका

उत्तर : मॅडम, ‘पीटर पॅन’ हे मुळात जेम्स बॅरी यांचं नाटक, ते लंडनमध्ये पहिल्यांदा १९०४ साली झालं. दूरच्या बेटावर राहणारा, कधीच मोठा न होणारा मुलगा ही त्याची कल्पना. तुमच्या विद्यार्थिनीच्या मनात मात्र ती नुसती कल्पना राहिली नाही. तिच्या भीतीला समजुतीचं औषध चालणार नाही, कारण ती भीती खरी आहे. मोठं होणं म्हणजे शाळा सुटणं आणि बोहल्यावर उभं राहणं, हे तिने बहिणीचं, मैत्रिणीचं होताना पाहिलेलं असू शकतं.

तिच्याशी एकटीशी बोला. घरात स्थळाची बोलणी चालू आहेत का, हे हळूच काढून घ्या. असतील तर थांबू नका. २००६च्या कायद्याने मुलीचं लग्न अठरा वर्षांआधी लावणं हा गुन्हा आहे. लग्न लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवकाला कळवा, किंवा १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस विशेष जपा. आपल्याकडे आखाजीला माहेरवाशिणी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, घरोघरी सांजोऱ्या तळल्या जातात. दोन लेकरांची आईसुद्धा त्या दिवशी पोरीसारखी झोका घेते. पण तोच दिवस लग्नाचा मोठा मुहूर्तही आहे आणि त्यात कोवळ्या पोरींची लग्नं उरकली जातात. वर्गातल्या मुलींना झोका मिळावा, हळद नको, हे पालकसभेत स्पष्ट बोला. शिकून नोकरीला लागलेली गावातली एखादी मुलगी आखाजीला माहेरी येईल, तिला वर्गात बोलवा. मोठेपणाचं दुसरं चित्र मुलींनी समोर पाहिलं पाहिजे.

प्रश्न : मी तेरा वर्षांचा आहे. होस्टेलवर राहतो. माझा आवाज फाटलाय, मुलं हसतात. मी अजून गुपचूप कार्टून बघतो आणि आईच्या लुगड्याची गोधडी घेतल्याशिवाय झोप येत नाही. मी वेडा आहे का?
— चाळीसगाव

उत्तर : नाही रे बाळा, अजिबात नाही. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचं स्वरयंत्र वाढतं, त्यामुळे आवाज कधी जाड, कधी बारीक निघतो. काही महिन्यांत तो स्थिरावतो. आज हसणाऱ्यांचाही फाटेल. गोधडीबद्दल सांगतो. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं की, आईपासून लांब राहायला शिकताना मुलं एखादं कापड, एखादं खेळणं जवळ धरतात आणि त्याच्या आधाराने पुढे जातात. गोधडी खुशाल घे. कार्टूनही बघ, फक्त झोपेचा वेळ त्यात घालवू नकोस. आणि आईला फोनवर ‘करमत नाही’ हे सांगायला लाजू नकोस.

सर्व पालकांसाठी : ही भीती बहुतेक मुलांना वाटते आणि बोलल्याने कमी होते. पण मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ झोपत नसेल, शाळेत जायचंच नाकारत असेल, शरीर वाढू नये म्हणून जेवण तोडत असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर वाट पाहू नका. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मुलांपुढे आपण मोठेपणाची फक्त रडगाणी गातो आणि मग मुलं घाबरली की कार्टूनला दोष देतो. हे थांबवा. मोठं झाल्यामुळे तुम्हाला काय चांगलं मिळालं, हे आज रात्री जेवताना मुलांना सांगा.