‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? : जोडणीतील दोषांचा शोध

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य बँकेच्या ग्राहकांच्या आता पूर्ण परिचयाचे झाले आहे. हाती पासबुक घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या निवृत्तिवेतनधारकास ते ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते आणि ते उच्चारणाऱ्या कर्मचाऱ्यासही बहुधा त्याहून अधिक काही ठाऊक नसते. वस्तुतः अशा अनेक प्रसंगी मध्यवर्ती सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. शेजारच्या शाखेत त्याच क्षणी व्यवहार होत असतात. बिघाड असतो तो शाखा आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर. ही वाट नेमकी कोठे अडली आहे, हे ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. त्या ओळखण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

पत्ता, खिडकी आणि पहारेकरी

नेटवर्कमधील प्रत्येक संगणकास एक क्रमांकरूपी पत्ता असतो. त्यास आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. सर्वाधिक परिचित असलेल्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ० ते २५५ यांमधील चार संख्यांचा बनतो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. जगाला ते अपुरे पडले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. तथापि संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातील आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणत्याही संस्थेस आपल्या आवारात वापरता येतात. खुल्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. बँकेच्या शाखांमधील संगणकांना सामान्यतः याच प्रकारचे पत्ते दिलेले असतात.

पत्ता इमारतीपर्यंत पोहोचवतो. परंतु एकाच इमारतीत ठेवी, कर्जे आणि लॉकर यांच्या खिडक्या वेगवेगळ्या असतात. त्याचप्रमाणे एकाच सर्व्हरवर अनेक सेवा चालतात आणि प्रत्येकीचा ठरलेला क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे पोर्ट. त्याची व्याप्ती ० ते ६५,५३५ अशी आहे. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, टपाल पाठविण्यासाठी २५, नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३ हे क्रमांक सर्वत्र रूढ आहेत.

फायरवॉल हा या इमारतीचा पहारेकरी. त्याच्याजवळ नियमांची यादी असते : कोणत्या पत्त्यावरून आलेल्यास, कोणत्या पत्त्यावरील, कोणत्या पोर्टपर्यंत जाऊ द्यावयाचे. बहुतेक फायरवॉल ही यादी वरून खाली वाचतात आणि जो नियम प्रथम लागू पडेल तोच अमलात आणतात. परवानगीचा नियम यादीत असूनही प्रवेश नाकारला जातो, तेव्हा त्याच्या वरच्या ओळीत एखादा व्यापक मनाईचा नियम बसलेला नाही ना, हे आधी पाहावे.

नकार आणि मौन

जोडणी होताना आपला संगणक प्रथम एक छोटा संदेश पाठवतो, सर्व्हर त्यास होकार देतो आणि आपला संगणक त्या होकाराची पोच देतो. या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या म्हणजेच पुढील व्यवहारास आरंभ होतो. त्या पूर्ण न झाल्यास पडद्यावर जे शब्द उमटतात, त्यांतच दोषाचा अर्धा उलगडा असतो. आणि नेमके तेच शब्द न वाचता खिडकी बंद करण्याची सवय सर्वत्र आढळते.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे शब्द आले, तर तो स्पष्ट नकार होय. संदेश त्या संगणकापर्यंत पोहोचला, परंतु त्या पोर्टवर कोणी उपस्थित नव्हते, म्हणून संगणकाने तत्काळ तसे कळविले. अर्थात पत्त्यावर चालू स्थितीतला संगणक आहे आणि वाट मोकळी आहे. सेवा बंद पडलेली आहे किंवा पोर्टचा क्रमांक चुकला आहे, अशी शंका येथे प्रथम घ्यावी.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हे मात्र मौन आहे. संदेश गेला, पुन्हा गेला, उत्तर काही आले नाही. पत्ता चुकीचा असेल, संगणक बंद असेल, तार तुटली असेल किंवा फायरवॉलने संदेश निमूटपणे टाकून दिला असेल. अनोळखी आगंतुकास आत काय आहे याचा सुगावाही लागू नये, म्हणून फायरवॉल पुष्कळदा नकारसुद्धा देत नाहीत. काही ठिकाणी त्यांना मुद्दाम स्पष्ट नकार देण्यास सांगितलेले असते, त्यामुळे ही खूण अचूक पुरावा ठरत नाही. तरी शोधाची दिशा तिच्यावरून निश्चित करता येते.

सर्व्हरचे नावच सापडत नसल्याचा संदेश आला, तर सर्व्हरपर्यंत काही गेलेलेच नसते. दोष नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस या यंत्रणेत असतो. आणि जोडणी होऊन पासवर्डवर गाडी अडली, तर नेटवर्कच्या अभियंत्यास बोलावून उपयोग नाही.

जवळून दूर

शोध नेहमी जवळून दूर करीत न्यावा. प्रथम तार आणि स्विचवरील दिवा पाहावा. त्यानंतर ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेने आपल्या संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून उत्तर न मिळाल्याने संगणकाने स्वतःच तो घेतला आहे असे समजावे. पुढे शाखेच्या गेटवेपर्यंत आणि मग सर्व्हरपर्यंत ‘पिंग’ करून पाहावे. अमेरिकेतील माइक म्युस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेल्या या छोट्या प्रोग्रामचे नाव पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून पडले. हाक मारावी आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजावे, एवढेच त्याचे काम.

उपग्रहाद्वारे जोडलेल्या दुर्गम शाखांत हा प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंबाने येऊ शकतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने तो विलंब अटळ आहे. त्यास बिघाड समजू नये.

पिंगवर अतिविश्वासही ठेवू नये. पिंगच्या संदेशास पोर्ट नसतो. त्यामुळे पिंगला उत्तर मिळत असताना आवश्यक पोर्ट बंद असू शकतो आणि पिंगला मनाई असताना प्रत्यक्ष काम सुरळीत चालू असते. पोर्टचीच परीक्षा घ्यावयाची, तर जुन्या पद्धतीने ‘टेलनेट’ लिहून पुढे पत्ता व पोर्ट क्रमांक द्यावा. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आपोआप बसवलेली नसते. अलीकडच्या विंडोजमधील पॉवरशेलमध्ये त्यासाठी ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा आहे. सर्व्हरच्या बाजूस कोणत्या पोर्टवर कोणती सेवा कान देऊन बसली आहे, हे ‘नेटस्टॅट’ दाखविते. तेथे सेवेपुढे केवळ १२७.०.०.१ हा पत्ता दिसला, तर ती फक्त स्वतःच्या संगणकाचेच ऐकत आहे, बाहेरच्या कोणाचेही नाही. सर्व्हरवर बसलेला तंत्रज्ञ ‘येथे तर चालते’ असे शपथेवर सांगतो आणि शाखेत मात्र नकार येतो, त्यामागे हे कारण असू शकते.

एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. एक शाखा नव्या वास्तूत गेली आणि तिच्या संगणकांना नव्या पट्ट्यातील पत्ते मिळाले, असे समजू. सोमवारी रोखीचे व्यवहार सुरू झाले, परंतु स्वाक्षरीचे नमुने दाखविणारा सर्व्हर काही उघडेना. त्यास पिंगचे उत्तर मिळते, म्हणजे जाण्याची व परतीची दोन्ही वाट शाबूत आहे. पोर्टची परीक्षा घेता मौन मिळते. इतर शाखांत तीच सेवा चालू आहे, म्हणजे सेवा बंद नाही. सर्व धागे एकाच ठिकाणी येतात : मधल्या फायरवॉलच्या यादीत या शाखेचा जुना पट्टा आहे, नवा नाही. एका ओळीच्या नियमाने भागणाऱ्या या कामासाठी शाखेतील सर्व संगणकांवर सॉफ्टवेअर नव्याने बसविण्यात दोन दिवस सहज जाऊ शकतात. आणि तोवर धनादेशावरील स्वाक्षरी पडताळायची कशी, हा प्रश्न अधिकाऱ्यापुढे उभाच असतो.

याउलट, जोडणी कधी येते कधी जाते असा प्रकार असेल, तर एकच पत्ता दोन यंत्रांना दिला गेल्याचा संशय घ्यावा. नुकताच आणलेला प्रिंटर त्यात पुष्कळदा सापडतो.

पहारा उठवू नये

काउंटरपुढे रांग वाढू लागली की कोणीतरी सुचवितो, ‘थोडा वेळ फायरवॉल बंद करून पाहू.’ काम चालू होते, म्हणून ती पुन्हा चालू करण्याची आठवण कोणासही राहत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम फायलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या ४४५ या पोर्टमधून संगणकांत शिरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर चोरीस गेले. त्या बँकेत फायरवॉल नव्हती आणि जुने, स्वस्त स्विच वापरात होते, असे तेथील पोलिस तपास अधिकाऱ्याने रॉयटर्स या वृत्तसंस्थेस सांगितले.

फायरवॉलची नोंदवही उघडून कोणता संदेश नाकारला गेला ते पाहणे हाच योग्य मार्ग होय. त्यानंतर ठरावीक पत्त्यावरून ठरावीक पत्त्याच्या ठरावीक पोर्टपुरतीच परवानगी द्यावी आणि तिच्यासोबत मंजुरी देणाऱ्याचे नाव व दिनांक नोंदवावा.

ग्राहकांनी घरी काय पाहावे

नेट बँकिंगचे पान घरी उघडत नसेल, तर तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून पाहावे. तेथे उघडले, तर दोष घरच्या राउटरमध्ये किंवा इंटरनेट पुरवठ्यात असण्याचा संभव अधिक. संगणकाचे घड्याळ चुकले असल्यास सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा इशारा येतो. घड्याळ बरोबर असूनही इशारा राहिला, तर पुढे जाऊ नये. ‘सर्व्हरची अडचण दूर करतो’ असे दूरध्वनीवर सांगून एखादे अ‍ॅप बसविण्यास किंवा फायरवॉल बंद करण्यास सांगणारी व्यक्ती बँकेची नसते. फसवणूक होऊन रक्कम गेलीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

तक्रारीचा मजकूर

शाखेने अभियंत्याकडे पाठवावयाची तक्रार ‘सर्व्हर डाऊन’ एवढ्याच दोन शब्दांची नसावी. ती पुढीलप्रमाणे असल्यास अभियंता थेट फायरवॉलची नोंदवही उघडू शकतो : ‘सकाळी १०.४० पासून १०.२०.३०.१५ या संगणकावरून स्वाक्षरी सर्व्हरच्या ४४३ पोर्टवर टाइम्ड आउट. शेजारच्या संगणकावरही तोच संदेश. गेटवे व सर्व्हर या दोहोंकडून पिंगला उत्तर मिळते. शनिवारी शाखेचे पत्ते बदलले.’